पुरुषाच्या रक्तातलं इस्ट्रोजेन : गोळी घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, उंची ५ फूट ८ इंच, वजन ९८ किलो. लग्नाला चार वर्षं झाली, दोन वर्षं मुलासाठी प्रयत्न चालू आहेत. वीर्यतपासणीत एका मिलिलिटरमध्ये ९० लाख शुक्राणू, त्यांतले २८ टक्के हालचाल करणारे. टेस्टोस्टेरॉन २९०, इस्ट्राडिओल (म्हणजे शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन) ४७ आणि त्या आकड्यापुढे ‘हाय’ असा शेरा. इच्छा कमी झाली आहे, ताठरता पूर्वीसारखी टिकत नाही. जिममधला मित्र म्हणतो की अंगात बायकांचं हार्मोन वाढलंय, रोज एक ॲनास्ट्रोझोल घे आणि इस्ट्रोजेन शून्यावर आण. त्याने गोळ्यांची पट्टी आणूनही दिली आहे. सोयाबीन खाणं बंद केलं आहे. बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही. गोळी सुरू करावी का?

आज करू नका. दोन-तीन महिन्यांनी सगळं तपासून झाल्यावर कदाचित मीच तुम्हाला हीच गोळी लिहून देईन, कारण तुमचे आकडे तसे आहेत. पण ती ‘शून्य’ करण्यासाठी नसेल. पुरुषाच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हा कचरा नाही, बाहेरून शिरलेली घाणही नाही. ते कमी पडलं तर शुक्राणू आणि इच्छा दोन्ही बिघडतात, आणि नेमक्या याच दोन तक्रारी घेऊन तुम्ही आला आहात.

‘बायकांचं हार्मोन’ या नावानेच निम्मा घोटाळा झाला आहे. १९२९ साली हे द्रव्य पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं केलं गेलं ते गरोदर स्त्रियांच्या लघवीतून, म्हणून नाव तसं पडलं. पण पुढे पाचच वर्षांत, १९३४ मध्ये, बर्नहार्ड झोंडेक यांनी दाखवून दिलं की घोड्याच्या, म्हणजे चांगल्या वळू घोड्याच्या, लघवीत इस्ट्रोजेनचं प्रमाण प्रचंड असतं. खच्ची केलेल्या घोड्यात ते जवळजवळ नसतं. म्हणजे ते येतं कुठून, तर वृषणातून. जोम आणि मर्दानगीचं प्रतीक म्हणून ज्या जनावराकडे बोट दाखवतात, त्याच्या अंगातच ते भरपूर तयार होतं. आणखी एक गोष्ट पेशंटना सांगितली की ते चकित होतात. साठी उलटलेल्या पुरुषाच्या रक्तात साधारणपणे पाळी गेलेल्या त्याच्या बायकोपेक्षा जास्त इस्ट्राडिओल असतं.

हे बनतं कसं? टेस्टोस्टेरॉनपासूनच. अरोमाटेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनच्या रेणूत थोडा बदल करतं आणि त्याचं इस्ट्राडिओल होतं. हे एन्झाइम चरबीत आहे, मेंदूत आहे, हाडांत आहे, वृषणात आहे, इतकंच काय, खुद्द शुक्राणूतही सापडलेलं आहे. पुरुषाच्या रक्तातल्या इस्ट्राडिओलपैकी जेमतेम पाचवा हिस्सा वृषणातून थेट येतो. उरलेलं सगळं शरीरात इतरत्र, विशेषतः चरबीत, टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर होऊन तयार होतं. म्हणून इस्ट्राडिओलचा आकडा एकटा वाचायचा नसतो. टेस्टोस्टेरॉन ६०० असलेल्या माणसाचं ४७ आणि २९० असलेल्या माणसाचं ४७ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला मी घरी पाठवीन.

आता शुक्राणूंकडे येऊ. इथे थोडा वेळ थांबतो, कारण हा भाग डॉक्टरांनाही फार उशिरा कळला.

शुक्राणू वृषणातल्या बारीक नळ्यांत तयार होतात, पण तिथून निघताना ते भरपूर पाण्यात तरंगत असतात. वृषणातून एपिडिडिमिसकडे, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या गुंडाळलेल्या नळीकडे, जाताना वाटेत काही नाजूक नलिका लागतात. या नलिका त्या द्रवातला बहुतेक भाग, नव्वद टक्क्यांच्या आसपास, शोषून घेतात. ताकातलं वरचं पाणी काढून टाकावं तसे शुक्राणू दाट होतात आणि मग पुढे एपिडिडिमिसमध्ये परिपक्व होतात. हे पाणी शोषण्याचं काम ज्याच्या हुकमाने चालतं, ते इस्ट्रोजेन. त्या नलिकांच्या पेशींत इस्ट्रोजेनचे अल्फा रिसेप्टर, म्हणजे त्याचा हुकूम पकडणारे रेणू, अक्षरशः खच्चून भरलेले असतात. १९९७ मध्ये रेक्स हेस आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. ज्या नर उंदरांत हा रिसेप्टरच नव्हता, त्यांच्यात पाणी शोषलं जाईना. द्रव मागे तुंबला, वृषणातल्या नळ्या फुगल्या, दाबाने शुक्राणू बनवणारं अस्तर झिजलं आणि शेवटी वृषण आकसून गेलं. टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही ते नर वांझ राहिले. तोवर आम्ही सगळे हेच शिकत आलो होतो की पुरुषाच्या प्रजननात इस्ट्रोजेनचं काम नाही, झालाच तर अडथळा. तो समज त्या एका कामाने मोडला.

माणसांत अशी उदाहरणं मोजकीच आहेत, पण ती फार बोलकी आहेत. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका २८ वर्षांच्या माणसाची नोंद झाली. गुडघे एकमेकांना घासतात म्हणून तो हाडांच्या डॉक्टरकडे गेला होता. उंची २०४ सेंटिमीटर आणि वाढ अजून चालूच. हाडांचं वय निघालं १५. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेन होतं, उलट जास्तच होतं, पण अल्फा रिसेप्टरच्या जीनमध्ये दोष असल्यामुळे शरीराला ते दिसतच नव्हतं. तरुण वयात हाडं ठिसूळ झाली होती. शुक्राणूंची संख्या बरी होती, पण त्यांतले जिवंत फार कमी. त्याच्या इच्छेत मात्र दोष नव्हता, हेही सांगायला हवं. निसर्गातलं एकच उदाहरण घेऊन सगळे निष्कर्ष काढता येत नाहीत. पुढे इटलीत अरोमाटेजच नसलेला पुरुष सापडला. त्याला टेस्टोस्टेरॉन देऊन हाडांवर काहीच परिणाम झाला नाही, इस्ट्राडिओल दिल्यावर वाढ थांबली आणि हाडं भरली. आणि इस्ट्राडिओलच्या उपचारात त्याची कामेच्छाही वाढल्याची नोंद आहे.

इच्छेबद्दलचा सगळ्यात भक्कम पुरावा बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून आला, २०१३ मध्ये. २० ते ५० वयाचे ४०० निरोगी पुरुष. एका औषधाने सगळ्यांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद केलं आणि मग जेलमधून वेगवेगळ्या मात्रेत परत दिलं, काहींना नुसतं औषधविरहित जेल. त्यांतल्या सुमारे निम्म्यांना सोबत ॲनास्ट्रोझोलही दिलं, म्हणजे टेस्टोस्टेरॉन मिळतंय पण त्याचं इस्ट्राडिओल होत नाही. सोळा आठवड्यांनी काय दिसलं? स्नायूंचा आकार आणि ताकद टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून. अंगातली चरबी वाढली ती मात्र इस्ट्रोजेन कमी पडल्यामुळे. आणि कामेच्छा व ताठरता दोन्हींच्या कमतरतेने खालावल्या. तुमच्या मित्राने दिलेली गोळी तीच आहे, ॲनास्ट्रोझोल. चरबी कमी व्हावी, इच्छा वाढावी म्हणून तो ती घ्यायला सांगतो. शून्याच्या दिशेने गेलात तर दोन्ही उलट होण्याची शक्यता आहे.

माझ्याकडे असे तरुण येतात. अंग पिळदार, रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन उत्तम, इस्ट्राडिओल ५ च्या खाली. तक्रार काय, तर सांधे दुखतात, झोप लागत नाही, मन लागत नाही आणि बायकोजवळ जावंसंच वाटत नाही. गोळी थांबवली की बहुतेकांना काही आठवड्यांत फरक पडतो. तोपर्यंत घरात जे गैरसमज झालेले असतात ते मात्र गोळी थांबवून लगेच मिटत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

मग जास्त इस्ट्रोजेनने काहीच बिघडत नाही का? बिघडतं, आणि तुमचं बहुधा तेच झालंय. मेंदूतला हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी ग्रंथी वृषणाला दोन हुकूम पाठवतात, एलएच आणि एफएसएच. टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालंय हे मेंदूला कळतं ते मोठ्या प्रमाणावर इस्ट्राडिओलमधून. वजन वाढलं की चरबी वाढते, चरबीबरोबर अरोमाटेज वाढतं, टेस्टोस्टेरॉनचा मोठा वाटा इस्ट्राडिओलमध्ये वळतो आणि मेंदूला वाटतं माल भरपूर आहे. तो हुकूम कमी करतो. वृषण मंदावतं, टेस्टोस्टेरॉन आणखी उतरतं, शुक्राणू घटतात, आणि टेस्टोस्टेरॉन उतरलं की चरबी वाढायला अधिक सोपं जातं. तुमचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, ३३ च्या जवळ येतो. वजनदार पुरुषांत टेस्टोस्टेरॉनला रक्तात धरून ठेवणारं प्रथिन, एसएचबीजी, हेही घटतं. त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरॉनचा आकडा प्रत्यक्षापेक्षा वाईट दिसू शकतो. म्हणून २९० पाहून लगेच घाबरू नका.

मी पहिल्यांदा रिपोर्टवरच शंका घेईन. रक्त किती वाजता दिलं होतं? टेस्टोस्टेरॉन सकाळी, उपाशीपोटी, दहाच्या आत द्यावं लागतं आणि एकदा कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. इस्ट्राडिओलची नेहमीची तपासणी स्त्रियांतल्या मोठ्या आकड्यांसाठी बनलेली आहे. पुरुषांतल्या छोट्या आकड्यांना ती चुकू शकते. मास स्पेक्ट्रोमेट्रीने केलेली तपासणी महाग असते पण खात्रीची. आणि एक गोष्ट हमखास विचारतो, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? बायोटिन काही यंत्रांना फसवतं आणि टेस्टोस्टेरॉन व इस्ट्राडिओल दोन्ही खोटे वाढवून दाखवतं. रक्त देण्याआधी निदान तीन दिवस ते बंद ठेवा. सोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, एसएचबीजी, थायरॉइड, लिव्हरच्या तपासण्या आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या.

वीर्यतपासणीसुद्धा एका नमुन्यावर ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची रेषा एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख आणि एकूण हालचाल ४२ टक्के अशी आहे. ही रेषा काढली कशी, तर ज्यांच्या बायका वर्षभरात गरोदर राहिल्या अशा पुरुषांचे नमुने घेऊन. त्यांतल्या शंभरांपैकी पाच बाप या रेषेच्या खालीच होते. म्हणजे ९० लाख ही वाईट बातमी असली तरी दार बंद झाल्याची बातमी नाही. दोन ते सात दिवसांचा संयम ठेवून, काही आठवड्यांच्या अंतराने दुसरा नमुना द्या. मधे ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा.

मग डॉक्टरांनी हाताने तपासायला हवं. रिपोर्ट पाहून औषध लिहून देणं आणि कपडे उतरवून न तपासणं, ही आमच्या व्यवसायातली मोठी चूक आहे. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, मूल न होणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे एक तृतीयांशांहून अधिक जणांत सापडतात आणि त्यांवर इलाज आहे. वृषण लहान आणि घट्ट लागलं तर गुणसूत्रांची तपासणी करतो. छातीत नव्याने गाठ किंवा दुखरेपणा आला असेल तर वृषणाची सोनोग्राफी केल्याशिवाय मी पेशंटला सोडत नाही, कारण इस्ट्रोजेन किंवा एचसीजी हे हार्मोन स्रवणारी वृषणाची गाठ तरुणांत पहिल्यांदा छातीतूनच कळू शकते. हे दुर्मीळ आहे, पण चुकून चालत नाही. लिव्हरही बघावं लागतं. रोजच्या दारूने लिव्हर खराब झालेल्या माणसाचं वृषण आकसतं आणि छाती वाढते, हे वॉर्डात शिकत असल्यापासून पाहत आलोय.

आता त्या गोळीबद्दल. टेस्टोस्टेरॉनच्या आकड्याला इस्ट्राडिओलच्या आकड्याने भागायचं, तुमच्याच रिपोर्टमधल्या एककांत. २९० भागिले ४७, म्हणजे ६ च्या आसपास. हे गुणोत्तर १० च्या खाली असलेल्या, शुक्राणू कमी असलेल्या पुरुषांत अरोमाटेज रोखणाऱ्या औषधांनी गुणोत्तर सुधारलं आणि काही जणांत शुक्राणूही वाढले, असं २००० नंतरच्या कामांत दिसलं आहे. दुसरा पर्याय क्लोमिफिन. ते इस्ट्रोजेन कमी करत नाही, मेंदूतले रिसेप्टर झाकतं. मेंदूला वाटतं इस्ट्रोजेन कमी आहे आणि तो जोरात हुकूम सोडतो. दोन्ही औषधं पुरुषांतल्या वंध्यत्वासाठी अधिकृत मंजुरीशिवाय, डॉक्टरांच्या निर्णयावर वापरली जातात. एलएच आधीच वर असेल तर दोन्हींचा उपयोग थोडाच. ॲनास्ट्रोझोल देतो तेव्हा मी आधी हाडांचा आणि रक्ताचा हिशोब मांडतो, चार ते सहा आठवड्यांनी इस्ट्राडिओल तपासतो आणि ते १० च्या खाली जात असेल तर मात्रा घटवतो. वयस्क पुरुषांना वर्षभर ही गोळी दिल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढलं तरी मणक्यातली हाडांची घनता घटली होती. मित्राच्या पट्टीवर ही काळजी लिहिलेली नसते.

आणि हे मात्र काळजीपूर्वक वाचा. या गोळीनंतर मित्राचा पुढचा सल्ला टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनचा असेल. मूल हवं असेपर्यंत ते अंगाला लावू देऊ नका. शुक्राणू बनण्यासाठी वृषणाच्या आत रक्तापेक्षा कैक पटीने, पन्नास ते शंभर पटीपर्यंत, टेस्टोस्टेरॉन लागतं आणि ते वृषणाने स्वतःच बनवायचं असतं. बाहेरून इंजेक्शन दिलं की मेंदू हुकूम बंद करतो आणि आतला साठा कोसळतो. हे इतकं खात्रीने होतं की जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. इच्छा वाढली, दंड भरले आणि वीर्यात एकही शुक्राणू नाही, असे रिपोर्ट हातात घेऊन बसलेले नवरे मी वारंवार बघतो. बरेचसे भरून येतात, पण सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतात, आणि ते महिने त्यांच्या बायकांच्याही वयातून जातात.

सोयाबीन पुन्हा सुरू करा. सोयातली इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं फार क्षीण आहेत. पुरुषांवरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केल्यावर टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेनमध्ये फरक दिसला नाही. लातूर-विदर्भाकडच्या घरांत पिठात सोया घालायची पद्धत आहे, त्याने कुणाचं काही बिघडलेलं नाही. तुमचं वजन भात-पोळी-शेव-कोल्ड्रिंकच्या हिशोबात बघावं लागेल, सोयाबीनच्या नाही.

वजन हाच तुमच्या प्रकरणातला सगळ्यात मोठा हात आहे. आठ-दहा किलो उतरले की चरबीतला अरोमाटेजचा कारखाना लहान होतो, मेंदूचा हुकूम परत वाढतो आणि टेस्टोस्टेरॉन आपोआप वर येतं. जितकं जास्त उतरेल तितकं जास्त. हे गोळीपेक्षा हळू होतं, पण हाडं शाबूत ठेवून होतं. उपाशी राहून एका महिन्यात उतरवू नका. अति कमी खाण्यानेही हेच हार्मोन झोपतात. रात्री घोरता का, श्वास अडकून दचकून उठता का, हे बायकोला विचारा. स्लीप ॲप्निया असेल तर तोही टेस्टोस्टेरॉन खाली ओढतो आणि त्याचा इलाज वेगळा आहे. नवा शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून काहीही बदललंत तरी तीन महिन्यांच्या आत वीर्यतपासणी पुन्हा करून निराश होऊ नका.

ताठरतेबद्दल एक वेगळी गोष्ट. चौतिसाव्या वर्षी, या वजनाला, ताठरता टिकत नसेल तर मी हार्मोनआधी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल बघतो. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे बिघाड तिथे आधी जाणवतो. सकाळी जाग येताना ताठरता असते का, हे एकदा लक्षात घेऊन मला सांगा. असेल तर रक्तवाहिन्या आणि नसा बऱ्यापैकी ठीक आहेत आणि दोन वर्षं तारखा मोजून संबंध ठेवण्याचा ताण याला अधिक कारण आहे. तोही खरा आजार आहे, त्यावरही उपाय आहेत.

आणि बायकोला सांगा. आज रात्री सांगा. तिच्या तपासण्या अजून झालेल्या नसतील तर त्या याच महिन्यात व्हायला हव्यात, तिचं वय आणि गर्भनलिकांची स्थिती कळल्याशिवाय तुम्हाला तीन महिने थांबायला सांगणं बरोबर की चूक हे मी ठरवू शकत नाही. ती पस्तिशीच्या पुढे असेल किंवा तिच्या बीजांचा साठा कमी असेल, तर वजन उतरण्याची वाट न बघता ९० लाखांवरच पुढचा मार्ग धरावा लागेल. दोन्ही फायली घेऊन दोघं या, आणि ती पट्टीही घेऊन या.